चार गाठी कोरापुटला

नोकरीची एकोणीस वर्षं मी गाड्या अडवण्यात घालवली. सोलापूरच्या जकात नाक्यावर मी कारकून होते. नव्या पिढीला जकात म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते: बाहेरगावचा माल शहराच्या हद्दीत शिरताना महापालिका त्यावर कर घ्यायची, आणि तो भरल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या बाजूला पत्र्याची खोली, खोलीत टेबल आणि टेबलामागे मी. हैदराबादकडून आलेला माणूस असो की पुण्याकडून, सोलापुरात त्याचं स्वागत माझ्या तोंडून व्हायचं, आणि ते तोंड तेव्हा फारसं गोड नव्हतं.

नाक्यावर बसून मी बदनाम झाले असेन, पण भूगोल मात्र तिथेच शिकले. फिरोजाबादच्या बांगड्या, शिवकाशीचे फटाके, तिरुपूरचे बनियन, मोरबीच्या फरशा, लुधियानाचे स्वेटर, आसामचा चहा, सगळं माझ्या टेबलापुढून गेलं. चहाची गाडी असली की ताडपत्री सोडायच्या आधीच वासावरून कळायचं. एक पंजाबी ड्रायव्हर वाटेत लागलेले नाके बोटांवर मोजून दाखवायचा आणि बोटं संपली की म्हणायचा, "बहनजी, अब आप अपनी उंगलियाँ दो." मी हसायची नाही. प्रत्येक गाव म्हणजे वेगळं संस्थान, आणि आमच्या संस्थानाची मी द्वारपाल. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट एखादी गाडी पावती न फाडता निसटली तर त्या दिवशी जेवण जात नसे.

मग एक दिवस जकात गेली. तिच्या जागी दुसरा कर आला, तोही गेला, आणि नंतर सगळ्या देशाला मिळून एकच कर लागू झाला. मला जन्ममृत्यूच्या नोंदणी खात्यात बसवलं आणि तिथूनच मी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर एकदा रिक्षाने नाक्याच्या जागेवरून जात होते. बांबू नाही, खोली नाही, तिथे एकाने उसाच्या रसाचं गुऱ्हाळ टाकलेलं. तेवढ्यात आसामच्या नंबरची एक भली मोठी गाडी वेग न कमी करता शेजारून गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, थांब की!" रिक्षावाल्याने बिचाऱ्याने करकचून ब्रेक मारला. त्याला वाटलं, त्यालाच म्हणतेय.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की पुढे मी केलेली चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणं शक्यच नव्हतं. तिला एकोणीस वर्षांची तालीम लागते.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात आहे. भिंतीला भिंत लावून एका तेलुगू विणकराचं घर. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार माग. त्याचे आजोबा तेलंगणातून इथे गिरणीत कामाला आले आणि इथलेच झाले. तो चादरी विणतो, त्याची बायको कांड्या भरते, म्हणजे आडवं सूत मागात घालायच्या नळ्यांवर गुंडाळते. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. दोघंही मला अक्का म्हणतात. मी तिला वहिनी म्हणते, आणि तिच्या मराठीतल्या चुका काढण्याचा मक्ता इतकी वर्षं माझ्याकडेच होता. "तो चादर नाही वहिनी, ती चादर," असं मी तिला किती वेळा ऐकवलं असेल. ती हसून पुन्हा "तो चादर" म्हणायची.

त्याच्या चादरी शहरातला एक व्यापारी उचलायचा. पुढे त्या कुठे जात, कोण पांघरत, हे याला कधी कळलं नाही आणि विचारायची पद्धतही नव्हती. मागावरून उतरलेली चादर घडी होऊन गेली की संपलं. पुढे बाजारात हलक्याफुलक्या, मशीनवर छापलेल्या पॉलिएस्टरच्या चादरी आल्या आणि व्यापाऱ्याच्या फेऱ्या कमी होत होत थांबल्या. चारातले दोन माग बंद पडले. त्यांच्यावर प्लास्टिक टाकून ठेवलेलं मी गच्चीवरून रोज बघत होते. मग भंगारवाला येऊन चारही माग बघून गेला, लोखंडावर टिचक्या मारून गेला. माग मोडीत निघाले की नवराबायकोंनी भिवंडीला जायचं, दुसऱ्याच्या मागावर काम करायचं, असं ठरत आलं होतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी गाव सोडून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. मला ते सहन होत नव्हतं, आणि माझं काही चालतही नव्हतं.

त्यातच माझ्या मुलीच्या बँकेने तिची बदली कोरापुटला केली. कोरापुट म्हणजे ओडिशाच्या डोंगरात, आंध्रच्या सीमेला लागून. इथे ऊन पाठ सोडत नाही, आणि तिथे म्हणे कार्तिकातच दात वाजतात. जाताना ती शेजारच्या दोन चादरी घेऊन गेली. तिथे मुलींच्या एका निवासी शाळेचं खातं तिच्याच शाखेत होतं. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई एकदा तिच्याकडे चहाला आल्या, तेव्हा त्यांनी पलंगावरची चादर हातात घेऊन दाबून बघितली, उलटून बघितली. आमच्या चादरीला उलटी बाजू नसते, दोन्हीकडून नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. बाईंना ते फार आवडलं असावं. त्यांनी विचारलं, अशा दोनशे मिळतील का? सुट्टीवरून मुली परत यायच्या शनिवारपर्यंत हव्यात. नाही आल्या तर त्या जिल्ह्याच्या दुकानातून मिळतील तशा पॉलिएस्टरच्या ब्लँकेटी घेणार, कारण थंडीत मुलींना ताटकळत ठेवणं त्यांना जमणार नाही. त्यांचं बरोबरच होतं.

मी भिंतीवरूनच ओरडून ही बातमी दिली. विणकराने मागावरून मान वर केली आणि विचारलं, "व्यापारी कोन हाय मधी?"

"कोणी नाही. तुम्ही आणि त्या."

त्याला ते खरं वाटेना. मधे कोणी नसताना माल जातो कसा, हा त्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, मी आहे ना. मला कोणी विचारलं नव्हतं, पण विचारण्याची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही.

भंगारवाल्याला त्या शनिवारनंतरच्या सोमवारपर्यंत थांबवलं. चादरी वेळेत पोचल्या आणि पसंत पडल्या तर बाईंच्याच ओळखीने पुढची कामं मिळणार होती. नाही तर सोमवारी टेम्पो दारात लागणार होता. तीन आठवडे दोन माग सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालले. वहिनीच्या हाताला कांड्या भरून भरून चरे पडले. मी इकडे कागदपत्रांच्या मागे लागले. बिल, ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने न्यायचा सरकारी परवाना, वाहतुकीचे कागद, सगळं मोबाइलवर. सुरुवातीला मी त्या पोर्टलला पुष्कळ नावं ठेवली. चार वेळा भरलं, चार वेळा परत आलं. पाचव्यांदा भरल्यावर पडद्यावर नंबर उमटला आणि मी बघतच राहिले. सोलापूर ते कोरापुट, मधे तीन राज्यं, आणि सगळ्या वाटेला हा एकच कागद. माझा अख्खा नाका, टेबलखुर्चीसकट, त्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता. खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण आनंदच झाला.

दोनशे चादरींच्या चार गाठी झाल्या. बारदानात शिवून, दोरीने आवळून तयार. त्यावर कापडी लेबलं मी माझ्या हाताने लिहिली, इंग्रजीत, ठळक अक्षरात, काळ्या मार्करने. अक्षराबद्दल माझी ख्याती आहे. वाहतूकवाल्याने गाठी उचलल्या, आम्ही गाडीला नारळ फोडला, आणि चार दिवसांत माल पोचेल असं गृहीत धरून मी निवांत झाले.

मंगळवारी सकाळी वाहतूकवाल्याच्या गोदामातून फोन आला. "बाई, तुमचा माल आलाय, घेऊन जावा."

म्हटलं, "आमचा माल आला नाही, गेलाय."

"गेला आसंल, पण आलाय आता. चार गाठी. हितं पडल्यात."

आम्ही तिघंही रिक्षाने गेलो. गाठी खरंच तिथे होत्या, दोऱ्यांची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. मी लेबल वाचलं. 'कोठून' या जागी मी कोरापुट लिहिलं होतं आणि 'कोठे' या जागी सोलापूर. चारही गाठींवर, सुंदर अक्षरात. एकोणीस वर्षं पावत्या लिहिताना 'कोठून'पुढे काहीही यायचं, देशातलं कुठलंही गाव, पण 'कोठे'पुढे एकच शब्द असायचा. तो लिहिताना डोकं लागत नसे, हात आपोआप जायचा. माझ्या हाताला माल सोलापुरात येतो एवढंच ठाऊक होतं. सोलापुरातून माल जातो हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. हैदराबादला गाठी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकताना तिथल्या हमालांनी लेबल वाचलं आणि इमानदारीत माल सोलापूरच्या गाडीत चढवला.

विणकराने गाठींवरची धूळ झटकली. वहिनी खाली बघत म्हणाली, "मी वाचला होता अक्का. सोलापूर पुढं कसं, म्हणून मनात आलं. पन तुमी सरकारी नोकरीत होता. सरकारात आसंच लिहीत आसतील म्हनलं."

हे ऐकून मला रडू कोसळलं. आयुष्यभर मी तिच्या चुका काढल्या, आणि माझी चूक दिसत असूनही ती माझ्या मानापोटी गप्प राहिली होती. मी त्या दोघांची माफी मागितली. तिथे, गोदामात, हमालांच्या देखत. विणकर एवढंच म्हणाला, "चालतंय अक्का. नशीब न्हवतं आमचं." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार दुपार. शनिवारपर्यंत कोरापुट. वाहतूकवाला म्हणाला, पुन्हा त्याच मार्गाने, गाडी बदलत गेलं तर आठवडा धरा. मी घरी आले, जेवले नाही, आणि आमच्या यांना म्हटलं, एकच गाडी थेट तिकडे जाणारी हवी, मधे कुठे उतरवाउतरवी नको. यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "सोलापुरातून तिकडे रोज काय जातं, ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत असणार?"

टोमणा होता, पण उत्तरही तेच होतं. डाळिंब! सांगोल्याचं, पंढरपूरकडचं डाळिंब आमच्या बाजार समितीत येतं आणि तिथून कटक, कोलकात्यापर्यंत जातं. हैदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम, विजयनगरम असा समुद्राच्या बाजूचा रस्ता. फळ नाशवंत, त्यामुळे गाडी वाटेत रेंगाळत नाही. आणि विजयनगरमहून वर डोंगर चढलं की कोरापुट. बुधवारी सकाळी मी आणि विणकर बाजार समितीच्या आवारात हजर. गाठी हातगाडीवर. लेबलं नवी, आणि ती या खेपेला वहिनीने लिहिली होती.

डाळिंबाचे सौदे उरकले होते. क्रेट चढत होते. कटकला निघालेली एक गाडी सापडली. ड्रायव्हर साठीच्या आसपासचा, सांगोल्याकडचा, डोक्याला मुंडासं, घरी मेंढरं असलेला माणूस दिसत होता. मी जाऊन विचारलं, चार गाठी घ्याल का, विजयनगरमपर्यंत? त्याने माझ्याकडे निरखून बघितलं.

"बाई, तुमी जकात नाक्यावरच्या न्हवं का?"

म्हटलं, "हो." सोलापुरात त्या वयाचा कुठलाही ड्रायव्हर मला ओळखणार, यात नवल नाही.

"मला वळखलं न्हाय व्हय?"

मी नाही म्हटलं. नाक्यावर दिवसाला एवढी तोंडं बघितली, कुणाकुणाला ओळखणार.

"माज्या बहिणीचं लगीन हुतं हितं. रुकवताची भांडी घिऊन येत हुतो टेम्पोत. तुमी म्हनला, भांडी इक्रीची हायती, बिल दाव. मी म्हनलं, बाई, लगनाची हायती, दोरा बांदलाय बगा की. तुमी म्हनला, दोरा कुनीबी बांदतंय. सायेब येऊस्तवर बशिवलं मला. सायेब आला, सोडा म्हनला. म्या मांडवात पोचलो तवा लगीन लागलं हुतं. आक्षता चुकल्या माज्या."

मला ते आठवेना. हेच मला जास्त लागलं. त्याच्या आयुष्यातला तो एवढा मोठा दिवस, आणि माझ्या लेखी एक टेम्पो. मी हात जोडले. म्हटलं, "दादा, माझं चुकलं. तुमचं मन नसेल तर नका घेऊ गाठी. पण माल माझा नाही, यांचा आहे. माझ्यामुळे अडकलाय." आणि लेबलाची सगळी हकिगत सांगितली, काही न लपवता. सोमवारच्या टेम्पोचंही सांगितलं.

तो आधी गंभीर होता. मी लेबलापाशी आले तेव्हा त्याच्या मिशा हलायला लागल्या. "म्हंजी तुमी तुमचाच माल जकातीला लावला व्हय?" म्हणत तो असा खदखदून हसला की क्रेट चढवणारे हमाल थांबून बघायला लागले. त्याने त्यांनाही गोष्ट सांगितली. मग त्यांनीही हसून घेतलं. मी तिथे उभी राहून सगळ्यांचं हसू झेललं, आणि मला ते कमीच वाटलं.

हसून झाल्यावर तो विणकराला म्हणाला, "आना गाठी. फळाच्या मागं जागा हाय. भाडं मातर घेनार, आनि वाटंत कुटंबी थांबनार न्हाय. शुक्करवारी सकाळी विजयनगरमला हाटलापाशी तुमचा मानूस उभा पायजे. नसला तर गाठी कटकला जात्यात."

"असेल," मी म्हटलं. तो माणूस कोण असणार, याचा मला पत्ता नव्हता.

गाडीचा नवा नंबर घालून ई-वे बिल मी तिथेच, डाळिंबाच्या क्रेटवर बसून नव्याने काढलं. कोठून सोलापूर, कोठे कोरापुट. तीनदा वाचलं, विणकरालाही वाचायला लावलं. मुलीला फोन केला. तिने बँकेत विचारपूस करून एक पिकअपवाला शोधला. तो दर शुक्रवारी विजयनगरमच्या बाजाराला भाजी घेऊन उतरायचा आणि येताना रिकामा यायचा. अडचण एकच, त्याला ना हिंदी धड येत होती ना इंग्रजी. ओडिया आणि तेलुगू तेवढी यायची. आमच्या सांगोल्याच्या दादांना मराठी सोडून काही येत नव्हतं. महामार्गावर शेकडो हॉटेलं. कुठल्या हॉटेलापाशी, कधी, कोणी, हे ठरणार कसं?

मी फोन वहिनीच्या हातात दिला.

ती आधी घाबरली. मोठ्या माणसांच्या कामात ती कधी बोललेली नव्हती. मग पदर सारखा करून तिने विचारलं, "अन्ना, एक्कड उन्नारू?" भाऊ, कुठे आहात? पलीकडून धबधबा सुरू झाला. इथली तेलुगू आणि तिकडची तेलुगू यांत फरक आहे म्हणे, ती दोनदा हसली, तिने एक शब्द पुन्हा विचारला, पण पाच मिनिटांत तिला हॉटेलाचं नाव, जवळची खूण, पिकअपचा रंग सगळं मिळालं. मग दुसऱ्या फोनवर दादांना मराठीत. गुरुवारभर ती दोन्ही फोन घेऊन कांड्या भरायच्या पाटावर बसून होती. विजयवाडा गेलं, राजमहेंद्री गेलं, ती मला भिंतीवरून गावं सांगायची. मी एकोणीस वर्षं ज्या गाड्यांना खिडकीतून बघितलं, त्यातली एक मी पहिल्यांदाच तिच्या शेवटच्या गावापर्यंत मनाने सोबत करत होते. कुठेही, एकाही गावाच्या वेशीवर, कुणीही तिला थांबवलं नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला दादांचा फोन आला. "वैनी, तुमचा पिवळा पिकअप गावला. गाठी दिल्या. त्यो मला काय म्हनतोय कळंना, पन च्या पाजतोय." मागून पिकअपवाल्याचा आवाज येत होता. वहिनीने दोघांचंही एकमेकांना सांगितलं. पिकअपवाला विचारत होता, डाळिंब एवढं लाल कसं, आणि दादा विचारत होते, ह्या गावात मेंढरं पाळतात का. चहा होईपर्यंत ती दोघांमधली दुभाषी झाली होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवसानंतर मी तिचं मराठी सुधारलेलं नाही.

गाठी शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहात पोचल्याचा मुलीचा निरोप आला. पण पोचणं निम्मं काम होतं. पसंत पडणं बाकी होतं. विणकराने शुक्रवारी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. सूत संपलं होतं आणि नवं आणायचं की नाही, हे बाईंच्या फोनवर ठरणार होतं.

शनिवारी मुली आल्या, आणि रविवारी सकाळी बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. आम्ही चौघं, आमचे हे धरून, एका मोबाइलभोवती. लांबलचक खोली, दोन्हीकडे खाटा, आणि प्रत्येक खाटेवर आमच्या शेजारची चादर. लाल, निळी, हिरवी, जांभळी. खिडकीबाहेर दाट धुकं. बाई हिंदीतून म्हणाल्या, माल उत्तम आहे, घड्या सरळ, रंग पक्के. मग म्हणाल्या, एका मुलीला बोलायचंय.

नऊदहा वर्षांची एक पोर समोर आली. तिने विणकराकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई म्हणाल्या, "इन्होंने बनाया है. अपने हाथ से."

विणकर मोबाइलच्या जवळ सरकला. चाळीस वर्षं चादरी विणलेला माणूस, पण त्यातली एकही कुणी पांघरलेली त्याने अशी समोर पाहिली नव्हती. त्याने त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "बेटी, गरम है क्या?"

पोरीने मान हलवली. मग बाईंच्या मागे अर्धी लपत म्हणाली, "पहले वाला छोटा था. सिर ढको तो पैर बाहर. अभी सिर भी अंदर, पैर भी अंदर."

विणकर उठून बाहेर गेला. अंगणात पाठमोरा उभा राहिला. खांदे हलत होते, आम्ही कोणी जवळ गेलो नाही. बाई फोनवर सांगत होत्या की डोंगरात त्यांच्यासारखी आणखी वसतिगृहं आहेत, त्यांनाही हव्यात, लवकर हव्यात. मी हो हो म्हणत होते. माझेही डोळे भरले होते, कशाला खोटं बोलू.

थोड्या वेळाने तो आत आला, तोंड धुऊन. भंगारवाल्याला फोन लावून म्हणाला, उद्या टेम्पो आणू नका, पुढेही आणू नका. मग बायकोकडे वळून तेलुगूत काहीतरी भराभर बोलला. वहिनीचा चेहरा उजळला.

मी विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हनतात, कोरापुटच्या पोरी वाढत्या वयाच्या हायत," वहिनी म्हणाली. "चादर वीतभर लांब करायचा. आनि त्या दोन मागांवरचा प्लास्टिक आत्ताच काढायचा."